विमानतळ ते हॉटेल, एक शब्द न बोलता

२ ऑगस्ट
यादी लागली. शेतकरी परदेश अभ्यास दौरा, नेदरलँड. जिल्ह्यातून बारा जण. पाचव्या नंबरावर मी. संपत किसनराव पडूळ, मोसंबी उत्पादक, तालुका बदनापूर. नाव तीनदा वाचलं. स्पेलिंग बराबर.
सहाव्या नंबरावर सर्जेराव दगडूबा पडूळ.
गावात पडूळांची पंधरा घरं आहेत. सरकारला हाच सापडला.

३ ऑगस्ट
रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. सर्जेराव माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा. आमच्या दोघांच्या शेतांमधला बांध त्यानं कोरला. (तो म्हणतो, संपतनं कोरला.) अकरा वर्षं झाली, कोर्टात केस चालू आहे. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो न्हाई. तो मात्र रोज सकाळी बांधावरून विचारतो, संपत, उठला का. मी उठलेलाच असतो, पण सांगत न्हाई. ह्याला निर्धार म्हणतात.
मागच्या पौषात त्याची माय गेली, द्वारकाकाकू. माझी माय मी लहान असतानाच गेल्ती, मंग तीन-चार वर्षं हिच्याच चुलीपुढं जेवलो. तरी मयताला गेलो न्हाई. समोरच्या पार्टीच्या घरी जाणं केसच्या दृष्टीनं बराबर नसतं. माझी बायको दीपमाला गेल्ती. वकिलाला नंतर विचारलं तर म्हणले, असा काही नियम न्हाई. पण असायला पाहिजे.

११ ऑगस्ट
जालन्याला कृषी ऑफिसात मीटिंग. दौऱ्याचे प्रमुख भारत वाहुळे साहेब. माणूस चांगला, पण बारा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. दहाव्या मिनिटाला सर्जेरावनं गुलाबाचं फूल टाकून सगळ्यांना राम राम घातला. 'सगळ्यांना' म्हणजे त्यात मीही आलो. ही पाठीमागून बोलणी करायची पद्धत. ग्रुप सोडला.
संध्याकाळी वाहुळे साहेबांचा फोन. म्हणले, सगळी माहिती ग्रुपवरच येणार आहे. मी सांगितलं, माझी माहिती मी काढतो.

१२ ऑगस्ट
लेखी ठराव.
एक, दहा दिवसांत सर्जेरावशी एकही शब्द बोलणार न्हाई.
दोन, विमानात नाइलाज आहे, पण विमानतळावरून हॉटेलपर्यंत त्याच्यासोबत एका गाडीत बसणार न्हाई. स्वतंत्र जाणार. ग्रुपच्या आधी पोचणार. ते येतील तेव्हा मी अंघोळ करून खाली चहा घेत बसलेलो असेन.

२० ऑगस्ट
साहेबांनी कार्यक्रमाची दोन पानं दिली. पहिल्या पानावर यादी, त्यात सर्जेराव माझ्या अंगाला चिकटून. ते पान घरी ठेवलं. दुसऱ्या पानावर हॉटेलचं नाव-पत्ता आहे, तेवढं पुष्कळ. ॲमस्टरडॅम. गल्लीचं नाव केझर्सग्राच्ट. तिथल्या सगळ्याच गल्ल्यांना ग्राच्ट म्हणतात.
बदनापूरला परवेजच्या दुकानात मॅपची प्रिंट काढली. परवेज म्हणला, काका, कलर काढा. म्हणलं, रस्त्याला कसला कलर. ब्लॅक अँड व्हाईट घेतली.

२४ ऑगस्ट
चार संध्याकाळी मॅपचा अभ्यास. एकदम सोपं शहर. स्टेशनासमोर चार रुंद रस्ते, कांद्याच्या चकतीसारखे एकात एक. रुंदीला आपल्या जालना-संभाजीनगर रोडच्या बरोबरीचे. त्यातल्या तिसऱ्या रोडवर हॉटेल. चालत पंचवीस मिनिटं. मी वीस धरली.
दीपमाला म्हणते, सगळ्यांसोबत जा. हिला प्रत्येक गोष्टीची वरात पाहिजे.

४ सप्टेंबर
बागेतली निवडक बारा मोसंबी काढली. दीपमालाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवली. तिथल्या लोकांना दाखवायची. आपण काही नुसतं बघायला चाललो न्हाई.
दुपारी दीपमाला सांगत आली की झुंबरबाई (सर्जेरावची बायको) म्हणत होती, विमानात फळं नेऊ नका असा मेसेज आलाय ग्रुपवर. मी हसलो. त्याच्या बागेला औंदा फळगळ झाली. माझी मोसंबी परदेशी चालली हे त्याला कसं सोसेल.

८ सप्टेंबर, विमानात
माझी सीट ३१ बी. ३१ ए ला सर्जेराव. कारण विचारलं तर विमान कंपनीची पोरगी म्हणली, सेम सरनेम सर, फॅमिली समजून दिली.
नऊ तास. मी समोर बघून बसलो. तो खिडकीतून बघून सांगत होता, संपत, खाली बर्फ आहे. मी बघितलं न्हाई. तो झोपल्यावर बघितलं. बर्फ होता.

९ सप्टेंबर, सकाळी ८.४०, ॲमस्टरडॅम विमानतळ
मोसंबी जप्त.
कस्टमची बाई सहा फूट उंच. हातमोजे घालून एकेक फळ बाहेर काढलं, जसं काही त्यात स्फोटक आहे. मी इंग्रजीत सांगितलं की ही मराठवाड्यातली नंबर एकची मोसंबी आहे, रस काढून बघा. ती म्हणली, आय ॲम शुअर. आणि डब्यात टाकली. बाराच्या बारा. मंग फॉर्म, सही, अजून एक सही. पन्नास मिनिटं गेली. लुगडं परत दिलं.
ह्यांना आधीच खबर होती. खबर कोणी दिली हे लिहायची गरज न्हाई.

९.३०
बाहेर आलो. ग्रुप गेलेला. फक्त सर्जेराव त्याच्या बॅगेवर बसलेला. मला बघून उठला आणि हसला. मी हसलो न्हाई.
तो फोनवर कोणाला तरी म्हणला, हाव साहेब, भेटला, सोबत हाये. मंग माझ्याकडं तोंड करून काहीतरी सांगायला लागला. त्यात 'हॉटेल' आणि 'इथंच' हे दोन शब्द होते. पुढं ऐकलं न्हाई. मी मॅप उघडला आणि रेल्वेच्या खुणेकडं निघालो.
मागं बघितलं तर येऊन राह्यला. पाळत.

९.५०
तिकिटाचं मशीन माझं कार्ड घेत न्हाई. बँकेचा दोष. सर्जेरावनं त्याच्या कार्डावर दोन तिकिटं काढली. एक मशीनवरच ठेवून बाजूला झाला. बेवारस पडलेलं तिकीट उचलणं म्हणजे बोलणं नव्हं. उचललं.

९.५८
आधी जी गाडी आली तीत बसलो. बदनापूर स्टेशनवर माझं निम्मं आयुष्य गेलं. इंजिन बघितलं की गाडी कुठं चालली ते कळतं. सर्जेराव दारात उभा राहून बोटानं दुसरा प्लॅटफॉर्म दाखवत होता. दार लागायच्या आत उडी मारून आला. ५९ वर्षांच्या माणसाला शोभत न्हाई.

१०.२०
पोचलो. वीस मिनिटंही लागली न्हाईत. स्टेशनाबाहेर थोडं चाललं की पाणी, पूल, बोटी. फोटोत होतं तसंच. सर्जेराव स्टेशनाची पाटी मोठ्यानं वाचत उभा होता. एल, ई, आय, डी, ई, एन. सातवीपासून ह्याला इंग्रजी वाचून दाखवायची हौस. शाळेतसुद्धा असंच करायचा. मी पुढं निघालो.

११.४५
हे लोक शहर बांधतात पण मॅपप्रमाणं बांधत न्हाईत. मॅपमध्ये जिथं रुंद रोड आहे तिथं इथं चर्च. जिथं चौक तिथं पवनचक्की. शहर मॅपपेक्षा लहान वाटतं.
सायकलवाले अत्यंत उद्धट. घंटी वाजवतात ती विनंती म्हणून न्हाई, धमकी म्हणून. एका म्हातारीनं मला सायकलवरून काहीतरी सुनावलं. वय पंच्याऐंशीच्या पुढं, स्पीड तीसच्या पुढं. मी मराठीत उत्तर दिलं. समजलं असावं.
तीन माणसांना पत्ता दाखवला. तिघंही पत्ता वाचून आधी हसले, मंग स्टेशनाकडं हात दाखवला. ह्यांचं ट्रेनिंगच असं दिसतं. पाहुण्याला आल्या पावली परत पाठवा.

दुपारी १२.५०
सर्जेराव एका खानावळीत शिरला. पाटीवर 'रोटी' लिहिलं होतं. मी बाहेर थांबलो. काचेतून दिसत होतं, उघड्या दारातून ऐकू येत होतं. काउंटरवरची बाई काळीसावळी, कुंकू लावलेली. तिच्याशी तो हिंदीत बोलायला लागला. बाईची हिंदी तिकडची, जुन्या वळणाची. मंग बाई स्वतः बाहेर आली, मला 'आवा भइया' म्हणून आत नेलं, बसवलं, पाणी दिलं. तिच्या पणजोबाला इंग्रजांच्या काळात जहाजात घालून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डचांच्या मुलखात, ऊस तोडायला नेलं होतं म्हणे. तिथून हे इकडं आले.
तिनं पत्ता वाचला. म्हणली की हे ॲमस्टरडॅम न्हाई. हे लायडेन. वेगळं गाव आहे. ॲमस्टरडॅमची गाडी दुसऱ्या दिशेला, विमानतळाच्याही पलीकडं.
दोन गावांत एकसारखं पाणी ठेवलं तर माणसानं काय समजावं?
सर्जेरावनं माझ्याकडं बघितलं न्हाई. रोटी खात राह्यला. मला वाटलं होतं हसेल. हसला असता तर बरं झालं असतं.
मला भूक नव्हती. बाईनं ताट ठेवलं म्हणून दोन रोट्या खाल्ल्या.

२.१५, ॲमस्टरडॅम (खरं)
आता प्लॅन सुरू. इथपर्यंतचं धरायचं न्हाई, तो विमानतळाचा भाग होता.
स्टेशन मोठं. सर्जेरावचा फोन दर दहा मिनिटांनी वाजतो. तो सारखं तेच म्हणतो, हाव साहेब, सोबत हाये, सोबत हाये. कोणाची सोबत?

२.५०
पहिला रुंद रोड म्हणजे पाणी.
दुसरा रुंद रोड म्हणजे पाणी.
मॅप काढून उन्हात धरला. चारही रुंद रोड पाण्याचे आहेत. कालवे. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये पाणी आणि डांबर सारखंच राखाडी येतं. परवेजनं हे स्पष्ट सांगायला पाहिजे होतं. नुसतं 'कलर काढा' म्हणल्यानं ग्राहकाला काय कळणार?
खरे रस्ते कालव्याच्या दोन्ही काठांनी आहेत. बारीक, विटांचे, निम्म्यात गाड्या लावलेल्या, उरलेल्या निम्म्यात सायकली. चालायला जागा सोडलेली न्हाई. चालणारा माणूस ह्यांना मान्य न्हाई.

३.२०
बॅगेचं चाक गेलं. विटांमुळं. दुसरं चाक त्याच्या मागोमाग गेलं. पुलावर चढताना बॅग एकदम हलकी लागली. बघितलं तर सर्जेरावनं मागून धरलेली. त्याची स्वतःची बॅग दुसऱ्या हातात. मी हात लाव म्हणालो न्हाई. सोड म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. ठरावात अडकलो.
असे सात पूल.

३.४०
नंबर सापडला. दाबून बेल वाजवली. एक म्हातारा पायजम्यावर खाली आला, काखेत मांजर. मी रुबाबात सांगितलं, पडूळ, इंडिया, बुकिंग. त्यानं पत्ता वाचला. मंग मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं आणि पलीकडं दाखवलं. नंबर तोच, ग्राच्ट दुसरा. हा प्रिन्सेनग्राच्ट. राजपुत्राचा कालवा. आपला केझर्स म्हणजे बादशहाचा, एक कालवा मागं.
राजपुत्र, बादशहा. सगळ्यांना सारखे नंबर. आपल्याकडं तलाठीसुद्धा असा गोंधळ घालत न्हाई.

४.००
बादशहाच्या कालव्यावर बाकावर बसलो. हॉटेल ह्याच ओळीत आहे, दोनशे पावलं. पण सर्जेराव बसला म्हणून बसलो. म्हणजे माझे पाय दुखत होते.
त्याच्या कपाळावर घाम, हात थरथरत होते. त्याला शुगर आहे. गोळी घेऊन वेळेवर खाल्लं न्हाई की असं होतं. शाळेत असल्यापासून त्याला उपाशी राहणं जमत न्हाई. मी बॅगेतून दीपमालाचे लाडू काढले आणि बाकावर दोघांच्या मधे ठेवले. तसेही ते शिळे होऊन राह्यले होते. त्यानं दोन खाल्ले. हात थांबले.
समोरून बोट गेली. लोकांनी हात केला. कोणीच हात केला न्हाई आमच्यातून.
मंग तो बोलायला लागला. माझ्याकडं न बघता, पाण्याकडं बघून. म्हणला की अकरा वर्षं झाली, आता मला कंटाळा आला. तारखेचं मला काही न्हाई. बांध तू ठेव, मी वकिलाला सांगून टाकतो. घरी सगळे असतात, तिथं बोलता येत न्हाई. इथं कोणी न्हाई म्हणून बोलून राह्यलो.
डाव असू शकतो.
मंग म्हणला, "संपत, माय जाता जाता तुलाच विचारीत व्हती."
मला वकिलांचं म्हणणं आठवलं. समोरची पार्टी घरच्या गोष्टी काढायला लागली की समजावं तिची बाजू लंगडी आहे. मी सडेतोड उत्तर दिलं.
"जे बोलायचं ते तारखेला वकिलासमोर बोल."
अकरा वर्षांत पहिल्यांदा बोललो. सहा शब्द. पण केसच्या संदर्भात बोललेलं बोलणं धरत न्हाईत. ठराव मोडला न्हाई.
त्यानं लाडवाचा डबा झाकण लावून माझ्याकडं सरकवला.
जिंकल्यासारखं वाटलं. बराच वेळ वाटत होतं.

५.१०, हॉटेल
पोचलो. लिहून ठेवतो की पोचलो.
काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट बघितले, कॉम्प्युटर बघितला. बुकिंग आहे म्हणला. बारा इंडियन फार्मर्स. पण सोळा तारखेचं. आज नऊ.
मी दुसरं पान त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं पानाच्या वर इंग्रजीत छापलेलं वाचून दाखवलं. 'शेवटचे दोन दिवस.' बारीक अक्षरात होतं. इतकं महत्त्वाचं कोणी बारीक छापतं का?
वाहुळे साहेबांना फोन लावावा लागला, काउंटरवरच्या फोनवरून, माझा मोबाइल इथं चालत न्हाई. साहेब ओरडले न्हाईत, पण आवाज ओरडून बसल्यासारखा होता. म्हणले की आधीच्या सगळ्या रात्री विमानतळासमोरच्या हॉटेलात. पहिल्या पानावर आहे. ग्रुपवर चारदा टाकलं. पायी पाच मिनिटं. सकाळी साडेनऊला सगळे चहा पीत बसले होते. दुपारचा टोमॅटो ग्रीनहाऊसचा कार्यक्रम तुमच्यामुळं अर्धा सोडून यावं लागलं.
मी विचारलं, मंग सर्जेरावला हे माहीत नव्हतं का?
साहेब म्हणले, "त्यांनाच तर मी हॉटेलवर चला म्हणून राह्यलो होतो सकाळपासून. ते म्हणले, संपत एकटा जाईल, मी त्याच्या मागं राहतो."
फोन ठेवला.
म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत असून दिवसभर मागं फिरला. लायडेनला, सात पुलांवर. मला तोंडघशी पाडायला माणूस एवढी मेहनत घेतो?
त्याला तोंडावर विचारणार होतो. तो दाराशी उभा राहून बाहेर बघत होता. विचारलं न्हाई. ठराव.

रात्री ८.००, विमानतळासमोरचं हॉटेल
परतीच्या गाडीत तो पुढच्या डब्यात बसला. पहिल्यांदाच. बॅग मी एकट्यानं आणली. हॉटेल खरंच पाच मिनिटांवर आहे. सकाळी जिथं तो बॅगेवर बसला होता, तिथून पाटी दिसते.
बाकीचे दहा जण खालीच बसलेले. कोणी हसलं न्हाई, सगळ्यांनी विषय बदलला. भोकरदनच्या एकानं विचारलं, कसं आहे ॲमस्टरडॅम. म्हणलं, पाणी जास्त आहे.

१० सप्टेंबर
खोली आमची दोघांची एकत्र होती, आडनावामुळं. सर्जेरावनं रात्रीच साहेबांना सांगून बदलून घेतली. हे मीच सांगणार होतो. तो माझ्या आधी पोचला एवढंच. आता माझ्या खोलीत भोकरदनवाला. बाथरूममध्ये भजन म्हणतो.
सकाळी साडेपाचला जाग आली. पडून राह्यलो. कोणी काही विचारलं न्हाई. बाहेर विमानांचा आवाज.
आज काकडीचं ग्रीनहाऊस. मातीच न्हाई, दोरीला लटकलेली काकडी. वेल दोन एकरात सरळ रेषेत, बांध कुठंच न्हाई. सर्जेराव पुढं उभा राहून प्रश्न विचारत होता. चांगले प्रश्न होते, पण मला सुचलेले.
चहाच्या वेळी मी मुद्दाम त्याच्या टेबलाजवळून दोनदा गेलो. बोलेल म्हणून न्हाई. साखर त्या बाजूला होती.

११ सप्टेंबर
दीपमालाचा फोन. (भोकरदनवाल्याच्या मोबाइलवर.) विचारत होती, सर्जादादा बरे आहेत का, झुंबरबाई काळजी करून राह्यल्या. आवाज पडल्यासारखा वाटला म्हणे त्यांना. मी म्हणलं, मला काय माहीत. दीपमाला म्हणली, तुम्ही काय बोलले त्यांना? मी म्हणलं, मी त्याच्याशी बोलतच न्हाई, सगळ्या गावाला माहीत आहे.
मंग म्हणली, जेवण करा वेळेवर.
मेथीच्या, शुगरच्या गोळ्यांची ह्या माणसाला कोण आठवण करून देतं काय माहीत. त्याच्या खोलीतला घनसावंगीचा माणूस स्वतःच विसराळू आहे. जेवायला गेल्यावर वेटरला सांगितलं, त्या टेबलावर चपाती आधी द्या. चपाती नव्हती. ब्रेड दिला.

१२ सप्टेंबर
नवा ठराव. अकरा वर्षांचा रेकॉर्ड एका बाकामुळं बिघडू द्यायचा न्हाई. तो जोपर्यंत बोलत न्हाई तोपर्यंत मीही बोलणार न्हाई.
हा ठराव लिहिल्यावर लक्षात आलं की जुन्यात आणि ह्यात फरक आहे. फरक काय आहे ते नीट मांडता आलं न्हाई. उद्या बघू.

१३ सप्टेंबर, सकाळी ७.५०, बसमध्ये
आज फुलांचा बाजार बघायला जायचं. मी लवकर येऊन बसलो. पाच मिनिटांनी सर्जेराव आला. सगळी बस रिकामी होती. तो दोन सीट पुढं, पलीकडच्या बाजूला बसला. बाकीचे अजून नाष्ट्यावर. ड्रायव्हर खाली उभा राहून सिगरेट ओढत होता. बसमध्ये आम्ही दोघंच.
एक गोष्ट केसच्या दृष्टीनं माहीत असणं गरजेचं होतं. वकिलांनी विचारली तर सांगता यावी म्हणून, नुसत्या माहितीसाठी, मी विचारलं.
"दादा," म्हणालो. तोंडातून दादा निघून गेलं, जुनी सवय. "काकू काय विचारीत होती?"
तो खिडकीबाहेर बघत होता. तिकडं एक विमान उतरत होतं, लांब, आवाज येत नव्हता. तो ते खाली टेकेपर्यंत बघत राह्यला. मंग टोपी काढून मांडीवर ठेवली.
ऐकू आलं नसेल.
बसचं इंजिन अजून सुरू झालं नव्हतं.